भिंगरीच्या खुंट्या

कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन, आणि लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, उभा राहिला की हा माणूस तेवढासुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. मी तपासणी विभागात. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, माझ्या टेबलावर यायचा. मी तो मोजायचो आणि बरोबर असेल तर हिरवा ठिपका द्यायचो. ही गोष्ट घडेपर्यंतच्या बावीस वर्षांत मी मायक्रॉनचे तीन जॉब नापास केले आणि तिन्ही वेळा चूक माझ्याच मोजण्यात निघाली. प्रत्येक वेळी पुढचे आठ दिवस तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या घरात चोरी करताना सापडलोय.

अशा माणसाला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली आणि ती कुठल्याच मापात बसेना.

सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण गोल दिसेल ती वस्तू ती फिरवायची. बरणीचं झाकण, ताटली, वाटी, जे हाताला लागेल ते. जमिनीवर गाल टेकवून ती फिरणाऱ्या झाकणाकडे बघत पडायची आणि ते थांबायच्या आत पुन्हा एक टिचकी. हाक मारली तर वळायची नाही. पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. मनाविरुद्ध काही झालं की हातात असेल ते तोंडात घालून करकचून चावायची. डॉक्टरांनी जे लांबलचक नाव सांगितलं, ते मायक्रॉनने एका कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तो कागद माझ्यासमोर उलगडला.

"इन्स्पेक्टर, हे दुरुस्त होतं का रे?"

मला काय कळणार होतं? मी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

भिंगरी सहा वर्षांची झाली तेव्हापासून त्यांच्या घरी एक बाई येऊ लागल्या. अशा मुलांना घरच्या घरी कसं शिकवायचं हे आईवडिलांना दाखवणं, हेच त्यांचं काम. पंधरा दिवसांतून एकदा यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि तीन जिने चढून आल्या तरी धाप लागलेली नसायची. त्या मोठं असं काही शिकवायच्या नाहीत. ओलं फडकं पिळायचं. पातेल्यांना ज्याचं त्याचं झाकण लावायचं. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या जुळवायच्या. अर्धा मग पाणी न सांडता खिडकीतल्या कुंडीपर्यंत न्यायचं. एका वेळी एकच काम, पाच मिनिटं, आणि मुलगी कंटाळायच्या आत थांबायचं.

वहिनींना, म्हणजे मायक्रॉनच्या बायकोला, ते जमलं. भाजी चिरता चिरता त्या एक झाकण भिंगरीपुढे सरकवायच्या, आणि दहातून दोनदा ते पातेल्यावर जायचंही. मायक्रॉनला मात्र ते पचनी पडेना.

"ही तर घरकामं झाली," तो मला म्हणाला. "यात शिकवणं कुठाय? ड्रॉइंग नाही, माप नाही. आज किती झालं आणि उद्या किती व्हायला हवं, कशाचा पत्ता नाही."

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून तो सांगितला होता. "ही सगळं तोंडात घालते. तिच्या मुठीपेक्षा लहान अशी कुठलीही कडक वस्तू तिच्या हाती द्यायची नाही. मी सांगेपर्यंत नाही म्हणजे नाही."

त्यांच्या घरापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशा मुलांची एक शाळा होती. एका वर्गात आठच मुलं, त्यामुळे जागा मिळणं मुश्कील. भिंगरी सात वर्षांची झाली आणि तिथून पत्र आलं. सहा आठवड्यांनी मुलीला घेऊन या, आम्ही तिला बघू, मग प्रवेशाचं ठरवू. सोबत चार पानी फॉर्म. मुलीला काय काय येतं? प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. वहिनी पेन्सिल घेऊन बसल्या. बावीस प्रश्नांपैकी सतरांना 'नाही' झालं. अकरावा प्रश्न असा होता: बारीक वस्तू चिमटीत धरून जागेवर बसवते का?

वहिनींनी 'नाही'वर खूण केली. मायक्रॉनने खोडरबर घेतलं आणि ती खूण पुसली.

"याला अजून सहा आठवडे आहेत," तो म्हणाला.

कारखान्यात नायलॉनच्या दांड्यांचे उरलेले तुकडे पडून असायचे. फोरमनला विचारून त्याने ते घेतले. शिफ्ट सुटली की अर्धा तास लेथवर थांबून त्याने एक फळी तयार केली, दहा भोकांची, आणि तिच्यात बसतील अशा दहा खुंट्या. पहिला संच जाडजूड होता, एकेक खुंटी चहाच्या कपाएवढी. भिंगरीने त्या घेतल्या, आडव्या पाडल्या आणि फिरवायला लागली. पंधरा दिवसांत दोन-तीनच खुंट्या भोकात गेल्या, त्याही वहिनी शेजारी बसल्या होत्या म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला आणि त्याने रुमाल उघडला. आत दहा छोट्या खुंट्या, पांढऱ्याशुभ्र; त्यांच्या मापाची नवी फळी त्याने आधीच करून ठेवली होती.

"मोज."

"हा कुठल्या ऑर्डरचा माल?"

"मोज ना, इन्स्पेक्टर."

मी मायक्रोमीटर लावला. व्यास सोळा मिलिमीटर, लांबी पंचवीस. दहाच्या दहा सारख्या. कडा अशा गोलावल्या होत्या की बोट फिरवलं तर कुठे सुरू आणि कुठे संपली ते कळू नये.

"तिच्या हाताला लागायला नको," तो म्हणाला. "पॉलिशपण केलंय."

मी गमतीने पहिल्या खुंटीवर हिरवा ठिपका दिला. तो हसला. कित्येक महिन्यांनी त्याला हसताना पाहत होतो. बाईंचा नियम मला माहीत होता, त्यानेच कधीतरी सांगितला होता. पण त्या क्षणी तो माझ्या डोक्यात आलाच नाही. मला माप विचारलं होतं आणि माप बरोबर होतं.

घरी वहिनींनी त्यातली एक खुंटी उचलली आणि मूठ मिटली. खुंटी दिसेनाशी झाली.

"बाईंना विचारलंत?"

"विचारलं ना. फोन केला होता," मायक्रॉन म्हणाला. "मी समोर बसणार असेन तर चालेल म्हणाल्या."

त्याने फोन केला नव्हता. 'नको' म्हणतील हे त्याला ठाऊक होतं, म्हणून केला नव्हता.

मग रोजचं सुरू झालं. चार वाजता तो घरी यायचा, हात धुवायचा आणि टेबल भिंतीला लावायचा. भिंगरी भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. "धर. भोक. सोड." ती खुंटी आडवी ठेवून फिरवायची, तो काढून घ्यायचा. ती दुसरी फिरवायची, तो तीही काढून घ्यायचा. "धर. भोक. सोड." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, हातातलं काम हातातच.

चौथ्या आठवड्यात भिंगरी जिन्यावरची पावलं ओळखायला लागली. बाप खालच्या मजल्यावर असतानाच ती हातातलं झाकण टाकायची आणि कॉटखाली शिरायची.

"तुम्ही आलात की ती लपते," वहिनी म्हणाल्या. "दिसतंय ना तुम्हाला?"

"शिस्त लागेपर्यंत होतं असं."

"शिस्त नाही लागत तिला, धडकी भरते."

"मग काय करू? सांग ना!" तो ओरडला. "'नाही, नाही, नाही' लिहून फॉर्म पाठवू? शाळा नाही म्हणाली की संपलं. आणि आपण गेल्यावर? कोण बघणार आहे हिला?"

हा प्रश्न त्या घरात भिंगरीच्या जन्मापासून होता. मोठ्याने विचारला गेला तो त्याच दिवशी. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. आणि त्या निघून गेल्या म्हणून मायक्रॉनला वाटलं, आपलं बरोबर आहे.

ते घडलं त्या संध्याकाळी अजून चांगला उजेड होता. खाली मुलं खेळत होती. भिंगरीने त्या दिवशी तीन खुंट्या बसवल्या. एकापाठोपाठ एक, तीन! चौथी तिने उचलली, भोकाशी नेली आणि तिथेच थबकून बोटांत फिरवायला लागली.

"भिंगरी, नाही. भोक."

ती फिरवत राहिली. त्याने तिचं मनगट पकडलं आणि भोकावर आणलं. तिने हात ओढला, त्याने सोडला नाही. ती मागे रेलली, पण मागे भिंत होती. तिने दुसऱ्या हाताने खुंटी हिसकावली, तोंडात कोंबली आणि किंचाळण्यासाठी जोरात श्वास घेतला.

किंकाळी आलीच नाही. मायक्रॉन मला नंतर म्हणाला, "एक क्षण मला बरं वाटलं रे. म्हटलं, गप्प झाली." मग त्याने तिचा चेहरा बघितला. डोळे मोठे झालेले, तोंड उघडं, दोन्ही हात हवेत, आणि आवाज अजिबात नाही. त्याने तिच्या तोंडात बोट घातलं. बोटाला खुंटी लागत होती, पण पकडायला कडच नव्हती. बोट तिच्यावरून घसरत होतं आणि प्रत्येक वेळी खुंटी आणखी आत जात होती.

"सरका!"

वहिनींनी त्याला खांद्याने ढकललं. भिंगरीला खुर्चीतून ओढून काढलं, पुढे वाकवलं, एका हाताने छाती धरली आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध मारलं. एक. दोन. तीन. चार. पाच. काही नाही. भिंगरीचे ओठ निळे पडायला लागले होते. वहिनी तिच्या मागे गुडघ्यांवर बसल्या, बेंबीच्या वर मूठ ठेवली, ती दुसऱ्या हाताने धरली आणि आत, वर, असा झटका दिला. मग दुसरा. खुंटी बाहेर उडाली आणि टेबलाच्या पायावर आपटली.

मग भिंगरी जी रडली, ते रडणं खाली खेळणाऱ्या मुलांनीही ऐकलं.

हे सगळं वहिनींना बाईंनी शिकवलं होतं. मायक्रॉन कामावर असताना एका दुपारी, आधी उशीवर आणि मग एकमेकींवर हात ठेवून. जी मुलं तोंडात वस्तू घालतात त्यांच्या घरात एवढं यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मायक्रॉनला त्या धड्याचा पत्ताही नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी घसा तपासला, छाती ऐकली, थोडं खरचटलंय म्हणाले, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. घरी आल्यावर भिंगरी आईच्या मांडीवर झोपून गेली. वहिनी नवऱ्याशी एकच वाक्य बोलल्या.

"परवा त्या बाई येणार आहेत. येऊ देत. मला त्यांनाच विचारायचंय, काय म्हणून हो म्हणालात."

पुढचे दोन दिवस मायक्रॉन कामावर आला खरा. दुसऱ्या दिवशी त्याचा एक जॉब माझ्याकडे आला, चाळीस मायक्रॉन कमी. मी तीनदा मोजला, मायक्रोमीटर बदलून मोजला. लाल ठिपका दिला. त्याने वळूनही बघितलं नाही. तेव्हा मी त्याला सामानाच्या खोलीत ओढत नेलं आणि तिथे, लोखंडी रॅकच्या आडोशाला, त्याने सगळं सांगितलं.

"आणि तो फोन?" मी विचारलं.

"केलाच नव्हता."

"मग वहिनींना सांग. बाई यायच्या आधी सांग."

"तोंड उघडत नाही रे. दोनदा समोर जाऊन बसलो. ती बघतसुद्धा नाही माझ्याकडे."

"त्या खुंटीवर ठिपका मी दिलाय," मी म्हणालो. "मीही येतो."

म्हणून मी त्या दिवशी तिथे होतो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत कॉट, टेबल, तीन खुर्च्या. भिंगरी कॉटखाली होती, चादरीच्या काठाखाली तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. बाई आल्या. वहिनींनी ना बसा म्हटलं ना पाणी दिलं. त्यांनी हिरव्या ठिपक्याची खुंटी बाईंच्या समोर टेबलावर ठेवली.

"ही तिच्या घशात अडकली होती."

बाईंनी खुंटी उचलली, मूठ मिटली, उघडली. त्यांचा चेहरा उतरला. "कशी आहे ती? दाखवलंत डॉक्टरांना?"

"दाखवलं. पण मला आधी हे सांगा, तुम्ही फोनवर हो कसं म्हणालात? तुम्हीच नियम केलात ना? मग तुम्हीच कसा मोडलात?"

बाई काहीतरी बोलणार होत्या. बोलल्या नाहीत. त्यांनी मायक्रॉनकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या नुसत्या थांबल्या होत्या. वहिनीही थांबल्या होत्या, बाईंच्या उत्तरासाठी. मी मायक्रॉनच्या हातांकडे बघत होतो. एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातात धरून तो पिळत होता. मला वाटलं, हा आता बोलणार नाही. बाई स्वतःवर घेतील आणि हा घेऊ देईल.

"यांनी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की वहिनींना पहिल्यांदा ऐकूच आला नाही.

"काय?"

"बाईंनी सांगितलं नव्हतं. मी फोन केलाच नव्हता. मी खोटं बोललो तुझ्याशी."

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातात भिंगरीचा टॉवेल होता. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पाच वेळा मारलं मी तिच्या पाठीत," त्या म्हणाल्या. "आणि पाचही वेळा मनात या बाईंना शिव्या देत होते." मग त्या आत गेल्या आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मी म्हणालो की ती खुंटी मीही मोजली होती. पण ते ऐकायला कोणाला सवड नव्हती.

बाईंनी कॉटखालच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही तिला काही शिकवायचं नाही."

"शाळेला बारा दिवस राहिलेत."

"राहू देत. रोज पंधरा मिनिटं जमिनीवर बसायचं. कॉटपासून लांब. हातात काही घ्यायचं नाही, बोलायचं नाही, तिच्याकडून काहीही मागायचं नाही. ती झाकण फिरवेल, ते बघायचं."

"आणि मग?"

"मग उठायचं."

"अहो, पण यातून ती शिकणार काय?"

"ती नाही. सध्या तुम्ही शिकायचंय," बाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून उठल्या. जाताना त्यांनी आतल्या दारावर हलकेच टकटक केलं, पण दार उघडलं नाही.

पहिले चार दिवस भिंगरी कॉटखालून बाहेर आली नाही. तो समोरच्या भिंतीला टेकून बसायचा आणि पंधरा मिनिटं झाली की उठायचा. लेथवर आठ तास उभा राहणारा माणूस, त्याचे गुडघे पंधरा मिनिटांत बोलायला लागत. पाचव्या दिवशी ती बाहेर आली, पण पाठ करून बसली. सातव्या दिवशी झाकण फिरता फिरता घरंगळलं आणि त्याच्या पायाशी येऊन पडलं.

"माझा हात गेलाच पुढे," त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "काढून घ्यायची सवय ना. पण थांबलो. ती झाकणाकडे बघत होती. मग मी ते उभं धरलं आणि फिरवलं."

मायक्रॉनने फिरवलेलं झाकण! न डगमगता, एका जागी, नुसती रेघ दिसावी तसं ते फिरत राहिलं. भिंगरी पोटावर सरकत जवळ आली आणि तिने जमिनीला गाल टेकवला. झाकण थांबलं. तिने एका बोटाने ते त्याच्याकडे ढकललं.

"माझ्याकडे ढकललं, इन्स्पेक्टर," तो कुजबुजत सांगत होता, जणू कोणी ऐकलं तर ते परत घेतलं जाईल. "परत फिरव म्हणून."

मग तो एकदा आणि ती एकदा, असं सुरू झालं. दहाव्या दिवशी त्याने आपल्या पाळीला मुद्दाम उशीर केला, तर तिने मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. "दीड सेकंद," तो म्हणाला. मी हसलो नाही.

वहिनी हे सगळं स्वयंपाकघरातून बघत होत्या. नवऱ्याला ताट वाढत होत्या, डबा भरून देत होत्या, आणि कामापुरत्या शब्दांपलीकडे त्याच्याशी बोलत नव्हत्या. खुंट्यांची फळी त्यांनी माझ्याबरोबर कारखान्यात परत पाठवली होती.

शाळेचा दिवस आला. खोलीत एक लांब टेबल, मागे दोन शिक्षिका, आणि टेबलावर खुंट्याच होत्या. मोठ्या, रंगीत, लाकडी, पण खुंट्याच. भिंगरीने त्या बघितल्या आणि ती टेबलाखाली गेली. एका शिक्षिकेने हाक मारली, दुसरीने घंटा वाजवली, मग दोघींनी काहीतरी लिहिलं. घरी हिने एकदा एकापाठोपाठ तीन खुंट्या बसवल्यात, हे मायक्रॉनच्या अगदी जिभेवर आलं होतं. खरंच होतं ते. त्याने ते गिळलं आणि तोही टेबलाखाली गेला. जाताना डोकं आपटलं.

"जरा ते चिकटपट्टीचं रीळ देता का?" खालून आवाज आला.

शिक्षिकेने रीळ खाली दिलं. वरून फक्त एक मोठा बूट आणि एक छोटा बूट दिसत होता आणि रीळ फिरल्याचा घरघर आवाज येत होता. तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दोन्ही शिक्षिका शेवटी कागद घेऊन जमिनीवरच बसल्या आणि बघत राहिल्या. बापाची पाळी, लेकीची पाळी. मग एका शिक्षिकेने हात पुढे केला. भिंगरीने रीळ छातीशी धरलं. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने तिने ते शिक्षिकेच्या दिशेने ढकललं, थोडंसं, अर्ध्या वाटेपर्यंत.

अकराव्या प्रश्नाचं काय, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "नाही. नाही येत तिला."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पूर्ण प्रवेश नाही. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी दीड तास, आई किंवा वडील सोबत असतील तर. वर्षाने पुन्हा बघू. मायक्रॉन भांडायला निघाला होता. वहिनींनी त्याच्या हातातून पत्र घेतलं आणि म्हणाल्या, "घ्यायचं हे." बऱ्याच दिवसांनी त्या त्याच्याकडे बघून बोलल्या, म्हणून त्याने ऐकलं. त्या वर्षी त्याला फोरमन करणार होते. फोरमनला शिफ्ट ठरलेली नसते, म्हणून त्याने ते नाकारलं, कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली आणि शाळेचे दोन्ही दिवस आपल्याकडे ठेवले.

माफ केलं, असं वहिनी कधी म्हणाल्याचं मला माहीत नाही. पुढे कित्येक महिने, भिंगरीसाठी घरात येणारी प्रत्येक वस्तू तो न विचारता आधी त्यांच्या हातात द्यायचा, आणि त्या मूठ मिटून बघायच्या. एक दिवस त्यांनी मूठ न मिटताच ती वस्तू लेकीला दिली. त्याने ते मला सांगितलं, पण वस्तू कुठली होती हे त्याला आठवत नव्हतं. मायक्रॉनला आठवत नव्हतं!

भिंगरी आता चौदा वर्षांची आहे. वीसेक शब्द बोलते. दोरीवर कपडे घालून त्यांना चिमटे लावते, मोज्यांच्या जोड्या माझ्यापेक्षा चांगल्या जुळवते. मागच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो तर घरात कमालीची शांतता.

"काय झालं?"

"दूध आणायला गेलीये," वहिनी म्हणाल्या. "एकटी. पहिल्यांदाच."

खाली तळमजल्यावरच दुकान. सहा महिने ते दोघं तिच्या मागून चालत गेले होते, आधी एक पाऊल मागे, मग एक मजला मागे. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. भिंगरीच्या गळ्यात दुधाच्या पिशवीचं चित्र असलेलं कार्ड होतं. तरी मायक्रॉन गॅलरीच्या दाराशी उभा होता आणि दाराची चौकट त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"वाकू नका," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "दिसाल तिला."

"वाकत नाहीये."

"वाकताय."

खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि त्याचा खांदा उडाला. वहिनींनी त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली, खाली जाऊ नये म्हणून की स्वतःला आधार म्हणून, कोण जाणे. मी बसलोच नाही. जिन्यात एक दार वाजलं. पावलं आली, पण ती दुसऱ्या मजल्यावर थांबली, दुसऱ्या कोणाची होती. मग जिन्यातून काहीतरी फरफटत येत असल्याचा आवाज यायला लागला. एक पायरी, फरफट. एक पायरी, फरफट.

"लागलं की काय हिला?" मायक्रॉन वळला, पण वहिनींनी शर्ट सोडला नाही.

दार उघडलं. भिंगरी आत आली. काखेत दुधाची पिशवी, शाबूत, आणि दुसऱ्या हातात ओढत आणलेला एक कोरा करकरीत झाडू.

आम्ही तिघंही झाडूकडे बघत राहिलो.

"हा कोणी सांगितला होता?" वहिनींनी विचारलं.

"झाडू," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

मायक्रॉन खो खो हसत खुर्चीत बसला. वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "दुकानदाराला विचारल्याशिवाय उचलला असणार. परत देऊन या जा."

तो चपला घालायला उठला. भिंगरी त्याच्या आधी दाराशी गेली. तिने झाडू घट्ट धरला, बापाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं आणि दाराच्या कडीकडे बोट दाखवलं.

"मी," ती म्हणाली.

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. दूध आणायचा सराव सहा महिने झाला होता. झाडू परत द्यायचा सराव कोणीच घेतला नव्हता.

वहिनींनी पुढे होऊन कडी काढली. भिंगरी बाहेर गेली, झाडू पायऱ्यांवरून फरफटत खाली गेला, आणि आम्ही तिघं दाराशी उभे राहून ऐकत राहिलो.